टोयोटाने स्पोर्ट्स कारला प्रियसचे टायर का लावले होते? आणि तुम्ही तुमच्या गाडीला कोणते लावाल?

२०१२ साली टोयोटाने एक छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. नाव फक्त ८६. दोन दरवाजे, सुबारूचं दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, साधारण २०० हॉर्सपॉवर आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. 'इनिशियल डी' बघून मोठी झालेली पोरं ज्या जुन्या एई८६ वर जीव टाकतात, तिचीच ही वारसदार.

गाडी चालवून बघायला गेलेल्या ऑटो पत्रकारांनी खाली वाकून टायर बघितले आणि चक्रावले. मिशलिन प्रायमसी एचपी, साईझ २१५/४५ आर१७. हाच टायर टोयोटाच्या प्रियसलाही यायचा. प्रियस म्हणजे तीच, पेट्रोल वाचवणारी, शांतपणे ऑफिसला नेऊन सोडणारी हायब्रिड. स्पोर्ट्स कारला तिचे टायर म्हणजे पैलवानाला बाटाच्या चपला घालून आखाड्यात उतरवल्यासारखं.

लोकांना वाटलं, कंपनीने पैसे वाचवले. पण हा निर्णय मुद्दाम घेतलेला होता. गाडीचे मुख्य इंजिनिअर तेत्सुया टाडा यांना अशी गाडी हवी होती, जिची मजा घ्यायला दोनशेच्या स्पीडची गरज पडू नये. कमी पकडीचा टायर कमी वेगातच हळूहळू सरकायला लागतो. सरकताना ड्रायव्हरला आधी सांगतो, मग सरकतो. पुढे २०२१ मध्ये याच गाडीची नवी पिढी जीआर८६ आली, तेव्हा १८ इंचाच्या चाकांवर मिशलिन पायलट स्पोर्ट ४ मिळायला लागला. म्हणजे बऱ्यापैकी चिकट, खऱ्या अर्थाने परफॉर्मन्स टायर.

मग चूक कोण? २०१२ चं टोयोटा की २०२१ चं? दोघांपैकी कोणीच नाही. कारण टायर निवडताना पहिला प्रश्न 'सगळ्यात भारी कोणता?' हा नसतोच.

ही ८६ भारतात अधिकृतपणे कधी आली नाही, पण हा प्रश्न मात्र आलाय. रविवारी पहाटे लोणावळ्याच्या दिशेने निघालेल्या गाड्या बघा. पोलो जीटी, व्हर्टस जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, खिसा मोठा असेल तर बीएमडब्ल्यू एम३४०आय. या गाड्यांचे मूळ टायर झिजले की मालकाच्या मोबाईलवर रील्स यायला लागतात. हा टायर घ्या, तो घ्या, १८ इंची करा, सेमी स्लिक टाका. टायरवाला तिसरंच काहीतरी सांगतो.

तर विषय नीट समजून घेऊ.

सुरुवात एका शब्दापासून. आपल्याकडे टायरवरच्या नक्षीलाच 'ग्रिप' म्हणतात. "टायरला अजून ग्रिप आहे की" म्हणजे खाचा अजून खोल आहेत. पण फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर पळतात त्या टायरला एकही खाच नसते, तरी त्यांच्याएवढी पकड कुठल्याच रस्त्यावरच्या गाडीला नसते. कोरड्यात पकड देतं ते रबर. खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं. पिरेलीच्या आकड्यानुसार त्यांचा भर पावसातला फॉर्म्युला वन टायर ३०० किमी वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. एक टायर बरं का.

म्हणजे ग्रिप दोन प्रकारची झाली, कोरड्यातली आणि ओल्यातली. तिसरी गोष्ट, जी टोयोटाने बघितली, ती म्हणजे पकड सुटते कशी. हळूहळू, की एकदम. दुकानात या तिन्ही गोष्टी एकाच 'भारी ग्रिप आहे साहेब' मध्ये विकल्या जातात.

मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत दाण्यांमध्ये घुसतं, त्यांना धरून ठेवतं आणि त्याच कारणाने लवकर झिजतं. कडक रबर जास्त टिकतं, पण रस्त्यावरून घसरतं लवकर. या भांडणात थोडी तडजोड झाली ती सिलिकामुळे. १९९२ च्या सुमारास मिशलिनने टायरमधल्या काजळीच्या, म्हणजे कार्बन ब्लॅकच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात केली. ओल्या रस्त्यावरची पकड राहिली आणि टायर फिरवायला लागणारी ताकद कमी झाली. आज चांगल्या टायरमध्ये सिलिका असतेच.

बाजारात साधारण चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली टूरिंग टायर. शांत, टिकाऊ, व्हर्टस-स्लाव्हियासारख्या गाड्यांना कंपनीतून येतात त्या जातीचे. त्याच्या वर परफॉर्मन्स समर टायर. मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेन्टलचे स्पोर्टकॉन्टॅक्ट वगैरे. रोजच्या वापराला चालतात, पावसातही चालतात आणि कोपऱ्यात गाडी घट्ट धरतात. तिसरी पायरी ज्यांना शौकीन लोक 'दोनशेवाले' म्हणतात. योकोहामा अॅडव्हान निओव्हा एडी०९, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस. नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येतात, पण मन त्यांचं ट्रॅकवर. आणि सगळ्यात वर सेमी स्लिक. मिशलिन पायलट स्पोर्ट कप २, टोयो आर८८८आर. यांच्या खाचा मोजक्याच असतात.

वर जाल तशी कोरडी पकड वाढते. पाणी फेकायची जागा, आयुष्य आणि शांतता कमी होत जाते. अजून एक गोष्ट रील्समध्ये सांगत नाहीत. वरच्या दोन पायऱ्यांचं रबर गरम झाल्याशिवाय नीट चिकटत नाही. ट्रॅकवर दोन फेऱ्यांत ते गरम होतं. कात्रजहून हिंजवडीला ट्रॅफिकमध्ये रांगत जाताना होत नाही. म्हणजे ज्या पकडीचे पैसे दिले ती ऑफिसच्या वाटेवर मिळतच नाही.

आता हे 'दोनशे' काय प्रकरण आहे?

टायरच्या बाजूला ट्रेडवेअर म्हणून एक आकडा कोरलेला असतो. ८०, २००, ३००, ५०० असा. ही अमेरिकन सरकारची पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाजवळ सार्वजनिक रस्त्यांवर साधारण ६४० किलोमीटरची एक ठरलेली वाट आहे. गाड्यांचा ताफा तिथे फिरत फिरत एकूण ११,५०० किलोमीटरच्या आसपास चालतो. एक ठराविक टायर १०० धरलेला असतो. त्याच्या निम्म्या वेगाने झिजला तर २००, एक तृतीयांश वेगाने झिजला तर ३००.

ऐकायला एकदम शास्त्रीय. पण मेख अशी की चाचणी सरकार करत नाही. कंपनी स्वतः करते आणि आकडा स्वतः जाहीर करते. म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला हा आकडा ठीक आहे. एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३४० यात दुसरा जास्त टिकेलच असं नाही.

दोनशेची गंमत तर अजून वेगळी. अमेरिकेत एससीसीए नावाचा स्पोर्ट्स कारवाल्यांचा मोठा क्लब आहे. त्यांच्या ऑटोक्रॉस स्पर्धेच्या स्ट्रीट गटात नियम असा की टायरचा ट्रेडवेअर किमान २०० हवा. हेतू साधा, रस्त्यावरचेच टायर घालून या. कंपन्यांनी काय केलं? रेसच्या जवळ जाणारे चिकट टायर बनवले आणि बाजूला छापलं २००. त्यामुळे हा आकडा बघून 'बऱ्यापैकी टिकेल' असा अंदाज करू नका. तो झिजेबद्दल कमी आणि स्पर्धेच्या नियमाबद्दल जास्त सांगतो.

त्याच ओळीत ट्रॅक्शन एए, ए, बी, सी असंही लिहिलेलं असतं. ही ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरची पकड. वळणावर काय होईल, साचलेल्या पाण्यात काय होईल, यातलं काहीच ते सांगत नाही.

आणि आपल्याकडे खरी परीक्षा तिथेच आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने दोन वर्षांपूर्वी ट्रॅकवर वापरलेले दोनशेवाले टायर सेकंडहँड घेतले. किंमत नव्याच्या एक तृतीयांश. खाचा साधारण तीन मिलिमीटर शिल्लक होत्या, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने पासच. एप्रिल-मेमध्ये पठ्ठ्या खूश. प्रत्येक कट्ट्यावर टायरचंच कौतुक. जूनच्या पहिल्या पावसात खंबाटकी घाट उतरल्यावर सपाट रस्त्याला एका पाणी साचलेल्या पट्ट्यात गाडी गेली आणि स्टिअरिंग अचानक हलकं झालं. तो सांगतो, "वाटलं स्टिअरिंगचा आणि चाकाचा संबंधच तुटला." गाडी अर्धी फिरून डिव्हायडरला लागली. मागे ट्रक नव्हता म्हणून आज तो हे सांगायला आहे. रिम, बंपर आणि सस्पेन्शनच्या बिलात टायरचे दोन नवे सेट आले असते.

याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. टायर पाणी बाजूला सारेपर्यंत पुढचं पाणी येतं, टायरखाली पाण्याची पाचर बसते आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. त्यांचं सूत्र आपल्या भाषेत असं. टायरमधल्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण १६.७ ने गुणा. जो आकडा येईल, तेवढ्या किलोमीटर वेगाच्या आसपास चाक पाण्यावर तरंगायला लागू शकतं.

३२ पीएसआयला उत्तर येतं ९४. हवा कमी होऊन २५ झाली तर ८३. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारची मर्यादा १०० आहे, म्हणजे नियमात राहूनसुद्धा तुम्ही या आकड्याच्या वर असता.

हे सूत्र तेव्हा लागू होतं, जेव्हा खाचांना झेपेल त्यापेक्षा पाणी जास्त असतं. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोल खाचा असतात, त्या बरंच पाणी झेलतात आणि वेळ मारून नेतात. तीन मिलिमीटरवर ती सोय जवळपास संपलेली असते. कायदा १.६ मिलिमीटरला टायर बाद करतो, तो अगदी शेवटचा टप्पा आहे. पावसाळ्यात जोरात गाडी चालवणाऱ्याने तीन-साडेतीनला टायर बदलावा, असं माझं मत. टायरवाला म्हणेल अजून सहा महिने जातील. जातीलही, पण नोव्हेंबर ते मे या सहा महिन्यांत.

आणि टायर रुंद केला की हे प्रकरण वाढतं. रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं. सेमी स्लिकला तर सारायला खाचाच नाहीत.

म्हणून ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि जी बारा महिने चालते, त्याने दुसऱ्या पायरीवर थांबावं. परफॉर्मन्स समर टायर. ट्रॅकवर जायचंच असेल तर तिथल्यासाठी वेगळी चाकं आणि वेगळे टायर ठेवावेत. परदेशात अनेक हौशी लोक हेच करतात. 'समर' शब्दाला घाबरू नका, तो त्यांच्या थंडीच्या हिशोबाने आहे. हे रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होतं. महाबळेश्वरची एखादी पहाट सोडली तर आपल्याला तो प्रश्न येत नाही.

आता साईझ. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

चाकणला बनणाऱ्या व्हर्टस जीटीचा टायर आहे २०५/५५ आर१६. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. हिशोब केला तर भिंत जवळपास ११३ मिलिमीटर आणि पूर्ण चाकाचा व्यास ६३२. आता २२५/४५ आर१७ टाकला तर व्यास येतो ६३४. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही, म्हणजे साईझ बसली. पण भिंत १०१ वर आली. अजून पुढे जाऊन २२५/४० आर१८ केला तर व्यास ६३७ आणि भिंत फक्त ९० मिलिमीटर.

भिंत कमी झाली की वळणावर टायर कमी मुरडतो, गाडी पटकन वळते, फोटोत भारी दिसते. पण खड्ड्यात पडल्यावर धक्का खाणारी गादी तीच होती. ती पातळ झाली की टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा रिम वाकते. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर दुरुस्त होत नाही, कोणी 'आतून पॅच मारून देतो' म्हटलं तर निघा तिथून. आपले रस्ते बघता एक इंच वाढवणं समजू शकतो, दोन इंच म्हणजे इन्स्टाग्रामसाठी केलेला खर्च.

साईझच्या शेजारी ९१व्ही असं काहीतरी असतं, तेही बघा. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलतो. व्ही म्हणजे २४० किमी वेगाला तो सुरक्षित. एच असेल तर २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. नवा टायर मूळ आकड्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. जर्मन गाडी असेल तर अजून एक खूण सापडेल. पोर्शसाठी एन०, एन१, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ. एकाच नावाचा टायर असला तरी ही खूण असलेला त्या गाडीसाठी वेगळा घडवलेला असतो. एम३४०आयसारख्या गाडीला तर पुढे २२५ आणि मागे २५५ असे वेगवेगळे टायर असतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवून झीज सारखी करायचा मार्गही बंद.

एवढं सगळं ठरवून दुकानात गेलात की कळतं, हवा तो टायर स्टॉकमध्ये नाही. कारण १२ जून २०२० ला केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली. म्हणजे आणायला परवाना लागतो. शिवाय भारतात विकायच्या कारच्या टायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. देशात बनणाऱ्या नेहमीच्या साईझना यामुळे फरक पडला नाही. पण शौकीन लोकांच्या साईझ बऱ्याचदा बाहेरून यायच्या, त्यांची टंचाई झाली. आणि टंचाई झाली की व्हॉट्सअॅपवर 'इम्पोर्टेड पीस आहे, लगेच सांगा' सुरू होतं. आयएसआय मार्क नसलेला टायर कुठून आला, किती दिवस उन्हात पडून होता, कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. न वापरताही रबर म्हातारं होतं, कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावरची पकड गमावतं. मिशलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी काढून टाकायला सांगते. मित्राचे ते सेकंडहँड टायर नंतर आम्ही बघितले तर सहा वर्षांचे निघाले. चार आकडे, घेताना कोणीच वाचले नव्हते.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. टायरवाला हमखास पुढे लावायला सांगतो. पण पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि अॅक्सिलरेटर सोडून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला रेस ड्रायव्हर लागतो. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर मात्र चार एकदम बदला, नाहीतर कमी-जास्त झिजलेल्या चाकांचा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो.

हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेलं असतं. ते थंड टायरचं असतं. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण एक पीएसआयने वाढतं, त्यामुळे नागपूरच्या उन्हात समृद्धीवरून दोन तास १२० ने आल्यावर काटा वर दिसणारच. तिथे हवा सोडायची नाही. हवा कमी असलेला टायर जास्त मुरडतो, जास्त तापतो आणि फुटतो तो तोच. समृद्धीवर अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते उगाच नाही. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा.

नवे टायर बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर दमाने चालवा, कारखान्यातला साच्याचा गुळगुळीत थर अजून वर असतो. आणि व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. चाकं तिरकी असतील तर महागातला मऊ टायर एका बाजूने पहिल्या पावसाळ्याआधीच संपतो, आणि आतली बाजू असल्यामुळे गाडी उभी असताना तो दिसतही नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाईलचा टॉर्च मारून बघा.